दोऱ्याचं दूध

अक्का,

तू विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे राहून गेलं. ते देण्यासाठी लिहितोय.

हॉस्पिटलमध्ये तुला रक्ताची बाटली लावलेली होती. डोळे न उघडताच तू म्हणालीस, "बाबू, दोऱ्याचा दूध नंदाक दिला तर चलात मा रे?"

मी तुझ्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हटलं, "आत्ता बोलू नकोस. झोप." चादर सारखीच होती. तू झोपलीस. त्यानंतर तू पाणी मागितलंस, आणि एकदा माझ्या पित्ताची चौकशी केलीस. दुधाचं पुन्हा काढलं नाहीस. तुझी रीतच ती, लहानपणापासूनची. एकदाच विचारायचं आणि समोरच्याच्या अकलेवर सोडून द्यायचं.

नंदाला, तुझ्या सुनेला, तेव्हा सातवा लागला होता.

"दोऱ्याचं दूध" हा शब्द आपल्या घरापलीकडे कुणाला कळणार नाही. तो जन्मला मुंबईत, नाहूरला. संपात भावोजींची गिरणी गेली, ते साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभे राहिले, आणि तू घराच्या मागे पत्र्याची शेड घालून पहिली म्हैस बांधलीस. सगळे तुला वेड्यात काढत होते. कोकणातून आलेल्या बाईने भात लावावा, मासे विकावेत; म्हैस हे काय मधेच? मीच एकटा म्हणालो होतो, "बांध. मी आहे ना." जनावरांचा डॉक्टर भाऊ असल्यावर म्हशीला काय धाड भरलीय!

धाड भरायची ती भरलीच. त्या शेडमध्ये पाणी हटायचं नाही, जमीन कायम ओली. कधी कास सुजून दगडी, कधी खूर सुजलेला. काशी म्हशीच्या सडाला हात लावला की लाथ. मग तू वाण्याच्या दुकानातून माझ्या दवाखान्यात फोन करायचीस आणि मी घाटकोपरहून बॅग घेऊन निघायचो. दोन सुया द्यायचो, एक जंतूंवरची, एक सुजेवरची. जंतूंवरची आपलं काम हळूहळू करते, ते डोळ्यांना दिसत नाही. सुजेवरच्या सुईचा गुण मात्र लगेच. सकाळी मान टाकून बसलेली म्हैस दिवेलागणीला वैरणीत तोंड घालायची. तू कौतुकाने नाहूरभर सांगत सुटायचीस, "माझ्या भावाची सुई!" शेजारपाजारचे तबेलेवाले मला बोलवायला लागले. भांडुपपासून मुलुंडपर्यंत मी "सुईवाला डॉक्टर" झालो. मला ते आवडायचं. पुढचं सगळं त्या आवडण्यातूनच आलं.

पहिल्या सुईच्या वेळी मी तुला बजावलं होतं, "हिचं दूध चार-पाच दिवस विकायचं नाही." का, ते सांगितलं नाही. आम्ही डॉक्टर लोक का ते सांगत नाही, काय करायचं ते सांगतो. तूही विचारलं नाहीस. आत गेलीस आणि भावोजींनी गिरणीतून आणलेली लाल सुताची बॉबिन घेऊन आलीस. चांगला हातभर दोरा तोडून काशीच्या शिंगाला गुंडाळलास आणि तुझ्या लेकाला, सुरेशला, म्हणालीस, "ह्यो दोरो सुटासर हिचा दूध कॅनात घालूचा नाय. घातलंस तर माझ्याशी गाठ आसा."

"मग कशात घालू?" सुरेशने विचारलं.

"कळशीत."

मी तिथेच हात धूत होतो. पुढे मी विचारायला हवं होतं, की कळशीतलं जातं कुठे? मला वाटलं, रेडकाला पाजत असेल, किंवा ओतत असेल. खरं म्हणजे मला काहीच वाटलं नव्हतं.

त्या दोऱ्याच्या बाबतीत तू किती कडक होतीस! देवनारच्या कत्तलखान्यात जनावरं नेणारा तो दलाल आठवतो? दुसऱ्या म्हशीचा, भुरीचा, पाय गेला होता, दूध आटलं होतं, सुया देऊन देऊन मी हात टेकले होते. तो टेम्पो घेऊनच आला. तू दोरा दाखवलास आणि म्हणालीस, आज नाही. तो हसायला लागला.

"मौसी, जानवर कटने जा रहा है, शादी में नहीं. धागे का क्या है?"

"हमारे में नहीं चलता," तू म्हणालीस. "धागा सुटेगा, तब आने का."

"अरे डॉक्टरसाब, समझाओ ना इनको!"

मांसाबद्दल मी तुला काही सांगितलेलंच नव्हतं. तो नियम तू तुझ्या मनानेच ताणला होतास. मी म्हटलं, "अक्का, जाऊ दे की. शिजवून खातात." तू माझ्याकडे असं बघितलंस की मी बॅग आवरायला घेतली. दलाल शिव्या घालत रिकामा टेम्पो घेऊन गेला. मग तू म्हणालीस, "जो विकत घेता, तेका ठावक नसता. आपल्याक ठावक आसा. म्हणून आपण विकूचा नाय."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. तुझी सगळी नीती त्यात होती. वाईट काय, तर समोरच्याला ठाऊक नसताना त्याच्या गळ्यात मारणं. स्वतःला ठाऊक असलं की मग काही बाधत नाही. आपल्या घरचं नासकं आपण खावं, पाहुण्याला चांगलं वाढावं.

म्हणून कळशीतलं दूध घरात यायचं.

हे मला कळलं तेव्हा बरीच वर्षं होऊन गेली होती. रविवार होता, सुरेशचं लग्न ठरल्याचे पेढे द्यायला तू बोलावलं होतंस. तू चहा टाकलास आणि कळशी कलंडवलीस. मी शेडमध्ये जाऊन आलो होतो, काशीच्या शिंगाला दोरा होता. मी म्हणालो, "अक्का, हे दोऱ्याचं ना?"

"मग? गिऱ्हाईकाक चांगला गेला. ह्या घरचा."

"अगं, मी सांगितलं होतं ना..."

"तू म्हणालंस विकूचा नाय. मी विकूक नाय. पिऊचा नाय असा खंय म्हणालंस?"

म्हणालो नव्हतो, हे खरंच. मी म्हटलं, "आता म्हणतो. ओतून टाकत जा."

तेव्हा तू भडकलीस. "दूध ओतू? गटारात? शिरां पडो तुझ्या डाक्टरकीवर! म्हशीच्या पोटातला दूध सांडतत काय रे कोण?" भावोजी आतून म्हणाले, "डॉक्टर, तिच्या नादी लागू नका. संपात आम्ही कोरा चहा प्यालोय, तेव्हापासून तिला दुधाचा थेंब सांडलेला चालत नाही." मी हसलो. तू हसली नाहीस. सांडशी हातात तशीच धरून तू विचारलंस, "विष आसा काय ता?"

"विष नाही गं."

"मग झाला तर."

भांडण तिथे संपलं. निदान तुझ्या बाजूने. चहा मी घेतला. चांगला झाला होता.

मी खोटं बोललो नव्हतो. विष नाहीच ते. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात दवाखान्यातले आमचे थोरले डॉक्टर गप्पांच्या ओघात म्हणाले होते, "हे सुजेवरचं आपण बिनधास्त टोचतो, पण हेच औषध माणसांना सांधेदुखीवर देताना आता हात आखडता घेतात बरं का. कुणाकुणाच्या रक्तावर येतं. हाडातलं रक्त बनायचंच थांबतं." मी "असं का?" म्हणालो होतो आणि चहा मागवला होता. तुझ्या घरी कळशी कलंडताना मला ते आठवलं. ते आठवूनही मी "विष नाही गं" एवढंच म्हणालो.

का? बरेच दिवस स्वतःला समजावत होतो, की तू घाबरली असतीस. उगाच घाबरवायचं कशाला? दुधात उतरतं ते कितीसं? खरं कारण इतकं भलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू दुसरा प्रश्न विचारला असतास: "मग इतकी वर्षां दिलंस कशाक?" आणि माझ्या सुईचं कौतुक त्या दिवशी संपलं असतं. हे लिहायला सोपं नाही, पण कारण एवढंच आहे. बाकी काही शोधायला गेलो तर ते बनवलेलं निघेल.

त्याच्या पुढच्या रविवारी तू चहा पुढे केलास तेव्हा मी म्हणालो, "नको. पित्त झालंय."

अक्का, मला पित्त नव्हतं. तेव्हाही नव्हतं, नंतरही कधी झालं नाही.

काशीला दोरा असो वा नसो, मी तुझ्याकडे दुधाचा चहा पुन्हा घेतला नाही. तुला शंकाही आली नाही. उलट तू माझ्या बायकोला फोन करून झापलंस, "काय तिखट घालतंस गो त्याच्या जेवणात?" मग माझ्यासाठी कोकम सुरू झालं. मे महिन्यात गावी गेलीस की रातांबे आणायचीस, त्यांच्या रसात मीठ घालून आगळ करायचीस, माझी वेगळी बरणी. मी आलो की बाकीच्यांना चहा आणि मला स्टीलच्या पेल्यात सरबत. वर जिरं भुरभुरवलेलं. "पी. पोटाक थंड." भावोजी, सुरेश, नंतर नंदा, सगळे माझ्यासमोर चहा पीत बसायचे, तूही बशीत ओतून फुंकर मारत प्यायचीस, आणि मी कोकम पीत तुमच्याशी गप्पा मारायचो. असे किती रविवार झाले ते मोजलेलं नाही.

तू घातलेला नियम थोडा ताणून मांडतो. ज्याला ठाऊक नाही त्याला देणं म्हणजे विकणं. मग ते दूध तू कुणाला विकलं नाहीस, मी तुला विकलं.

हिवाळ्यात तू थकायला लागलीस. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग. तू म्हणालीस, म्हशीने शेपटी मारली असेल. सुरेशने हॉस्पिटलात नेलं. तिथला तो तरुण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "यांच्या अंगात रक्तच तयार होत नाहीये. काही गोळ्या घेत होत्या का? सांधेदुखीच्या वगैरे?"

मी म्हणालो, "नाही. तिला गोळी गिळता येत नाही."

खरंच होतं ते. तू क्रोसिन कुटून मधातून घ्यायचीस आणि तरी ओकायचीस. डॉक्टर किंचित हसला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडे गेला. मला हाक मारून थांबवता आलं असतं. वॉर्ड काही इतका मोठा नव्हता. मी उभा राहिलो, आणि तो गेला.

तुझं हे सगळं दुधामुळेच झालं, असं मी म्हणत नाही. म्हणू शकत नाही. औषध दुधात उतरतं हे मला माहीत आहे. तुझ्या कळशीत किती उतरलं ते कुणालाच माहीत नाही. तेच दूध भावोजी प्याले, सुरेश प्याला, त्यांना काही झालं नाही. परवा मी त्या तरुण डॉक्टरकडे पुन्हा गेलो आणि सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "इतक्या थोड्याने होईल असं वाटत नाही. पण होणारच नाही असंही मी लिहून देणार नाही. कुणाला मूठभर पचतं, कुणाला कणभर बाधतं." मग म्हणाला, "तुम्ही तेव्हा सांगायला हवं होतंत." मी "हो" म्हणालो.

पण तुला संशय आला होता, हे आता मला कळतं. उगाच कुणी रक्ताची बाटली लागलेली असताना दुधाचं विचारत नाही. तू आरोप केला नाहीस. "चलात मा?" एवढंच. स्वतःचं विचारलं नाहीस, नंदाचं विचारलंस. आणि मी चादर सारखी केली.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडायला मुलुंडच्या स्मशानात गेलो. राखेवर शिंपडायला दूध लागतं. सुरेशने पिशवीतून तांब्या काढला. मी विचारलं, "दूध कुणाचं?"

"काशीचं, मामा. दोऱ्याचंच आणलंय. चांगलं गिऱ्हाईकांना घातलं." मग त्याला वाटलं की मला ते आवडलं नाही. घाईघाईने म्हणाला, "आईला तसंच आवडलं असतं."

आवडलं असतं. ती सुई मीच दिली होती, तू हॉस्पिटलात असतानाच. काशीची कास पुन्हा दगड झाली होती आणि सुरेश एकटा पडला होता. भावोजींनी दूध शिंपडलं. तू जन्मात थेंब सांडू दिला नाहीस, ते सगळं तुझ्या राखेत जिरलं.

घरी परतलो. शेजारणींनी पिठलं-भात आणला होता. नंदा भिंतीला टेकून बसली होती, पाय सुजलेले, हातात पेला. पेल्यात दूध. ती अर्धं प्यायली होती. मला बघून उठायला लागली.

"मामा, तुमचं कोकम काढते हं. आईंनी बरणी भरून ठेवलीय."

मी म्हणालो, "नंदा, तो पेला खाली ठेव."

तिने ठेवला. तिला वाटलं, सुतकात काहीतरी चुकलं. "पिऊ नये का आज?"

"आज नाही, कधीच नाही. दोऱ्याचं दूध कुणीच प्यायचं नाही. तू तर नाहीच."

मग मी सांगितलं. क्रमाने नाही सांगता आलं. आधी पित्ताचं सांगितलं, मग औषधाचं, मग हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने विचारलेलं. सुरेश दारात उभा होता. भावोजी टोपी हातात घेऊन बसले होते. मला ते नेहमी "डॉक्टर, तुम्ही" म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "तिला सांगितलं होतंस?"

"नाही."

"मला?"

"नाही."

"आणि तू पीत नव्हतास."

हा प्रश्न नव्हता. त्यांनी टोपी घातली, पुन्हा काढली, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

नंदाने हलक्या आवाजात विचारलं, "मामा, आत्तापर्यंत प्यायले त्याचं काय?"

"ठाऊक नाही गं. उद्या तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे मी येतो. सगळं मीच सांगतो." दुसऱ्या दिवशी गेलो आणि सांगितलं. त्यांनी नंदाचं रक्त तपासायला पाठवलं. ठीक आलं. पुन्हा तपासणार आहेत. बाळाचे ठोके चांगले आहेत. बाळ हातात येईपर्यंत याहून पुढे मी काही बोलणार नाही.

सुरेशने कळशी उचलली आणि मोरीपर्यंत नेली. तिथे थबकला. "मामा, आईने आम्हाला कधी दूध ओतू दिलं नाही," तो म्हणाला. त्याचा हात वळत नव्हता. मी त्याच्याकडून कळशी घेतली, शेडच्या मागे गेलो आणि गटाराच्या कडेला ओतली. फेस आला, थोडा वेळ पांढरं वाहिलं, मग नेहमीचं पाणी. काशीने मान वळवून बघितलं. शिंगाला दोरा होताच. मी येऊन कळशी घासली आणि पालथी घातली.

तर अक्का, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही चालत. मी नंदाला सांगितलं आहे. भांडुपच्या आणि मुलुंडच्या तबेल्यांतही जाऊन सांगतोय, ज्यांना ज्यांना मी "विकायचं नाही" एवढंच सांगितलं होतं. त्यातले कित्येक म्हणतात, "आम्ही विकतोच, डॉक्टर. तुमचं कोण ऐकतं?" तुझ्यासारखं शब्दाला जागून ऐकणारी तूच एक होतीस. सुजेवरची ती सुई मी बॅगेतून काढली आहे. काशीची कास शेकतोय, वेळ लागतोय, सुरेश कुरकुरतो.

भावोजी अजून माझ्याशी बोललेले नाहीत.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा नंदा बरणी घेऊन दारापर्यंत आली. मी म्हणालो, "अगं, मला पित्त नाही, सांगितलं ना." ती म्हणाली, "ऐकलं मामा. पण इथे कोकम कुणी पीत नाही. आईंनी तुमच्या नावाने केलंय. न्या."

नेलं. बरेच दिवस कपाटात ठेवलं होतं. काल काढलं, पाणी-साखर घालून पेलाभर केलं, वर जिरं टाकलं आणि एकटाच बसून सगळं प्यालो.

मीठ जास्त पडतं तुझं, अक्का. दरवर्षीच पडायचं. हेही मी तुला कधी सांगितलं नाही.